टॅब परत पाठवतेय

माधवनगर (सांगली),
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही तिघं बरे आहोत, आणि तूही बराच असशील असं धरून चालले आहे. आबांचा खोकला गेला. आईने गणपतीसाठी घर झाडायला काढलंय, त्यामुळे तू बसवून दिलेल्या स्पीकरांच्या वायरी सध्या खिडकीच्या गजांना गुंडाळून ठेवल्या आहेत.

पत्र बघून हसशील. पण फोन केला की आई शेजारी कान लावून बसते, आणि मेसेज केला की तू ‘नंतर बोलू’ एवढंच टाकतोस. पत्र तुला मधेच तोडता येणार नाही. मला तुला एकच विचारायचं आहे, की तू सध्या साताऱ्यात दिवसभर काय करतोस. त्यावर येतेच. आधी तू सांगितलेलं काम हातावेगळं करते, नाहीतर म्हणशील, विचारलं एक आणि हिने लिहिलं भलतंच.

तर, घरातली गाणी चालवायला फोन बरा की टॅब, आणि अँड्रॉइड बरं की तुझ्या आयफोनसारखं काही. आठवडाभर मी सगळं चालवून पाहिलं. खरं सांगू? जीव नकोसा झाला.

आईचा फोन आधीच शुभ सकाळच्या फुलांनी भरलेला. त्यात स्पीकर चालवायचं ॲप कसंबसं बसवलं. पण बॅटरी वाचवायच्या नावाखाली फोन ते मागच्या मागे बंद करून टाकतो. स्पीकर वाजतच राहतो आणि फोन म्हणतो, स्पीकर सापडत नाही. अरे, दोन हातांवर भिंतीला वाजतोय तो! एक मात्र चांगलं आहे. पडदा बंद असला तरी बाजूच्या बटणाने आवाज कमी-जास्त होतो. पिठाचा हात असला तरी आईला कोपराने जमतं.

माझ्या फोनवर ॲप नीट चालायचं. मग स्पीकरवाल्यांनी ते नवीन केलं आणि सगळी बटणं हलवली. मी बी.एस्सी. झालेली, क्लासमध्ये पोरांना संगणक शिकवते, आणि आबांचं भजन लावायला मला खाली-वर शोधत बसावं लागतं. मग आईने काय करावं? घरातली वस्तू घरातल्या प्रत्येकाला चालवता आली पाहिजे, एवढं साधं त्या लोकांना कळत नाही का?

तुझ्या आयफोनवर सगळं गुळगुळीत चालतं, मान्य. खोलीप्रमाणे आवाज जुळवायची सोयही फक्त त्याच्यावरच आहे. पाडव्याला तू फोन वर-खाली हलवत खोलीभर फिरत होतास, तेव्हा आबांना वाटलं होतं तू घराची दृष्ट काढतोयस. पण तो फोन साताऱ्याला. त्याचा इथे काय उपयोग?

आता तू पाठवलेला टॅब. गुरुवारी आला. चित्रं मोठी दिसतात, आईला आवडली. तिन्ही खोल्या एका ओळीत दिसतात, त्यामुळे मी वर मुलांची शिकवणी घेत असताना माझ्या डोक्यावर अभंग सुरू व्हायचा तो प्रकार थांबला. बाकी फोनचंच ॲप ताणून मोठं केलंय. आवाज कमी करायचा तर दोन हातांनी धरा, उघडा, वळवा. आईने दोनदा वापरला आणि तांदळाच्या डब्यावर उभा करून ठेवला. शेजारच्या अंबूबाई येऊन विचारून गेल्या, ह्यो टीव्ही केवढ्याला आणला म्हणून.

तेव्हा निकाल असा, की आईच्या हातात साधा फोन बरा, आणि दुसरं काही घ्यायची गरज नाही. टॅब मी परत पाठवतेय.

खरी अडचण फोन-टॅबची नाहीच. तू गाण्यांचं खातं घेतलंस ते एकट्याचं. एका वेळी एकाच जागी वाजतं. तू तिकडे गाणं लावलंस की इथलं थांबतं आणि पडद्यावर येतं, शिवतेजच्या फोनवर सुरू आहे. मी आईला दाखवलं, इथे बोट ठेव, गाणं परत आपल्याकडे येईल. ती ठेवत नाही. म्हणते, “त्याचं तोडून आपलं कशाला लावायचं? ऐकू दे की पोराला.”

मग सगळं घर गप्प. यंत्रमागांच्या खडखडाटात आबांचे कान गेले, म्हणून ते स्पीकरवर तळवा ठेवून भजन ऐकतात. तो थरथरायचा थांबला की विचारतात, लाइट गेली का गं. आई त्यांच्या कानात ओरडते, न्हाई, शिवतेज ऐकतोय. ते मान हलवतात आणि हात तसाच ठेवून बसतात. तीन स्पीकर, एक टॅब, आणि आम्ही तिघं तुझ्या गाण्यासाठी गप्प बसलेले! सांग, चिडू नको तर काय करू?

आधी हे संध्याकाळी व्हायचं. तुझी शिफ्ट सुटायची, फाटकावर जमा केलेला मोबाईल हातात यायचा आणि आमचं भजन थांबायचं. आई त्यावर चहाचं आधण ठेवायची. म्हणायची, सुटला बघ.

आषाढ संपता संपता एकदा सकाळीच थांबलं. आई म्हणाली, सुट्टी असंल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग म्हणाली, शिफ्ट बदलली असंल. त्या रात्री मी तुला सहज विचारलं, तर तू म्हणालास सकाळची पहिलीच शिफ्ट आहे, मान वर करायला सवड नाही. राखीला तू ओव्हरटाइम म्हणून आला नाहीस, आणि त्या दिवशी आमचा स्पीकर सकाळपासून मुका होता.

दादा, ज्या कंपनीत मोबाईल फाटकावर ठेवावा लागतो, तिथला माणूस भर शिफ्टमध्ये गाणी कशी ऐकतो?

काम सुटलं असेल तर सुटलं. त्याचा मला राग नाही. राग याचा आहे की काम नसताना तू टॅब पाठवलास, आणि वर विचारतोस, आणखी काय घेऊ. आयटीआय करून तू मशीनवर उभा राहिलास म्हणून मी कॉलेजात बसले. माझा निकाल लागला तेव्हा तूच गल्लीभर सांगत होतास, आता घरात शिकलेलं माणूस आहे, अडलं तर विचारता येईल. मग विचार ना. का ते फक्त गल्लीला सांगण्यापुरतं होतं?

हे फक्त मलाच कळलंय असं मला वाटत होतं. आई-आबांना काही बोलले नव्हते. काल टॅब खोक्यात भरत होते तर आबा समोर येऊन बसले. का परत, म्हणाले. मी त्यांच्या कानात म्हटलं, नको आहे आपल्याला. त्यांनी खोकं आपल्याकडे ओढून घेतलं. मग त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, “त्याला म्हणावं, आमचा कारखाना बंद पडला तवा मी बी डबा घिऊन जात हुतो. पुलाखाली बसायचो. तुमी दोगं ल्हान हुता, तुमास्नी वाटायचं आबा कामावर हायत.”

मी एवढंच विचारलं, आईला माहीत होतं?

आबांना ते ऐकू गेलं नाही. आई मोरीपाशी डबे घासत होती. तिने मान वळवली नाही. म्हणाली, “एक भाकरी वाढीव घालत हुते की. दिसभर उन्हात बसायचं म्हंजी भूक लागती.”

तेवढंच. तिने पुढचा डबा घासायला घेतला आणि आबा उठून बाहेर गेले.

ते दोघं एकमेकांना न विचारता कसे राहिले, मला ठाऊक नाही. त्यांचं मोठेपण असेल. मला ते येत नाही आणि यावं असंही वाटत नाही. मला विचारायचं असतं, आणि समोरच्याने खरं सांगावं असं वाटतं. खोटं बोलून तू एकटा त्या खोलीत बसणार आणि आम्ही इथे गप्प बसून तुला साथ देणार, हे मला जमणार नाही.

पुढच्या सोमवारी, २५ तारखेला, मी साताऱ्याला येतेय. क्लासमध्ये रजा सांगितली आहे. रविवार मुद्दाम टाळला, कामाचाच दिवस धरला. सकाळी अकराच्या सुमाराला तुझ्या दारात असेन. रागाने बोलेन, तेवढं ऐकून घे. मग पुढे काय करायचं ते दोघं मिळून बघू. सांगलीला परतताना एक तिकीट काढायचं की दोन, ते तू ठरव.

फक्त दार उघड. कामावर आहे म्हणू नकोस.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझ्याच बाजूची,
शिवांजली