नेढ्याच्या वाटेवरील फलकातून ‘बेपर्वा’ हा शब्द काढण्याबाबत

दिनांक : ९ मार्च

प्रति,
मा. किनारा अधिकारी,
किनारा देखभाल कार्यालय,
दुसरा मजला, खिडकी क्र. ४

विषय : नेढ्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या सूचनाफलकातील मजकूर दुरुस्त करण्याबाबत (दुसऱ्यांदा).
संदर्भ : माझ्या पहिल्या अर्जाला आलेले आपले दोन ओळींचे उत्तर.

महोदय,

आपण स्वतः नेढ्यापर्यंत कधी चालत गेला आहात का?

हा प्रश्न सरकारी अर्जात लिहायची माझी छाती होणार नाही, अशी पैज मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत लावली होती. म्हणून तोच आधी लिहिला. राग नसावा. मी नववीत आहे, अर्जलेखनात मला पैकीच्या पैकी गुण आहेत आणि गेल्या महिन्यात वक्तृत्वाची ढालही मिळाली आहे. हल्ली मी कुणाला घाबरत नाही.

१. आपण गेला नसाल असे धरून सांगते. बस जिथे संपते तिथे आपली चौकी आहे. तिथून दीड तास डोंगराच्या कडेने चालायचे, मग खाली उतरून वीस मिनिटे खडकांवरून. पुढे समुद्रात एक उंच खडक उभा आहे. सुईला असते तसे त्याला आरपार भोक आहे, तेच नेढे. ही शेवटची वीस मिनिटांची वाट फक्त ओहोटीला उघडी असते. कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत, ते चौकीच्या काचेमागच्या कागदावर लिहिलेले असते.

२. दोन वर्षांपूर्वी, रविवार, आठ मार्चला, दादा आणि मी तिथे गेलो होतो. दादा परत आला नाही. तो एकवीस वर्षांचा होता. त्यानंतर आपल्या कार्यालयाने वाटेवर फलक लावला : ‘सावधान! वेळेकडे दुर्लक्ष करणाऱ्या एका बेपर्वा तरुणाचा येथे बुडून मृत्यू झाला. आपण तसे करू नका.’ बाबा म्हणतात, “जाऊ दे गं, उन्हापावसाने अक्षरं जातील आपोआप.” पण ती जात नाहीत. आपली माणसे दरवर्षी ती न चुकता गिरवतात.

३. दादाने वेळेकडे दुर्लक्ष केले नव्हते. त्याने चौकीवरच्या कागदाचा फोटो काढून बाबांना पाठवला होता आणि खाली लिहिले होते, ‘वाट २.४० पर्यंत उघडी. काळजी करू नका, तुमच्या शेंडेफळाला सांभाळून आणतो.’ तो फोटो घेऊन मी वाचनालयात बसले आणि जुन्या वर्तमानपत्रांत छापलेल्या भरती-ओहोटीच्या वेळा ताडून पाहिल्या. चौकीवरचा कागद फेब्रुवारीचा होता. त्या वर्षी फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, त्यामुळे मार्चच्या तारखांनाही तेच वार आले. दोन्हीकडे आठ तारखेला रविवारच. महिन्याचे नाव तेवढे ‘कचरा टाकू नये’ या चिठ्ठीखाली झाकले गेले होते. मार्चमधली खरी वेळ एक पंचवीस होती. सव्वा तासाचा फरक. कागद बदलायचे काम आपल्या कार्यालयाचे आहे.

४. हे सर्व मी पहिल्या अर्जात लिहिले होते. आपले उत्तर आले : ‘फलकावरील उल्लेखास हरकत असल्यास संबंधित व्यक्तीने स्वतः अर्ज करावा.’ मी ते तीनदा वाचले. मैत्रीण म्हणाली, “अगं, हे तर तुझ्या दादालाच बोलावतायत!” आम्ही दोघी हसलो, आणि मग तीच रडायला लागली. महोदय, संबंधित व्यक्ती खिडकी क्र. ४ वर येऊ शकत असती तर आम्ही तिला आपल्याकडे पाठवलीच नसती. घरीच धरून ठेवली असती.

५. तरीही नियम तो नियम. म्हणून, संबंधित व्यक्ती या नात्याने, हे लिहीत आहे. त्या दिवशी बरोबर एक वाजता दादा म्हणाला, “चल गं चिमणे, निघू या.” नेढ्यात उभे राहून ओरडले की आपला आवाज पलीकडून मोठा होऊन येतो. मला आणखी ओरडायचे होते. मी म्हणाले, “दादा, दहाच मिनिटं, प्लीज.” त्याने घड्याळ पाहिले. कागदाच्या हिशोबाने आमच्याकडे दीड तासाहून जास्त वेळ होता. तो म्हणाला, “बरं, ओरड. घसा बसला की मला सांग.”

एकला निघालो असतो तर एक वीसला पलीकडे पोचलो असतो, कोरडे. एक दहाला निघालो. शेवटच्या वळणावर पाणी होते. त्याने मला उचलून वरच्या खडकावर ढकलले. त्याला वर यायला जागा होती, पण वेळ मिळाला नाही.

६. ही दहा मिनिटे मी घरी कधीच सांगितलेली नाहीत. आई दादाचे कपाट पुसताना म्हणते, “याला मेल्याला कधी घड्याळ कळलंच नाही.” तिने तो फलक वाचला आहे आणि तिचा त्यावर विश्वास बसला आहे. ती त्याच्यावर रागावलेली असते आणि मी शेजारी बसून गणिते सोडवते. दोन वर्षे हेच चालले आहे.

७. तरी विनंती की, ‘वेळेकडे दुर्लक्ष करणाऱ्या’ आणि ‘बेपर्वा’ हे शब्द काढून नुसते ‘एका तरुणाचा’ एवढेच ठेवावे. काहीतरी लिहिल्याशिवाय फलक पूर्ण होत नसेल, तर ‘बहिणीचे ऐकणाऱ्या’ असे लिहावे. ते तरी खरे आहे.

कळावे, उत्तराची वाट पाहणारी,
संबंधित व्यक्ती
(इयत्ता नववी, हजेरी क्र. १९)

सोबत : १) दादाने पाठवलेला फोटो. २) फेब्रुवारी आणि मार्चच्या वर्तमानपत्रांतील कात्रणांच्या छायाप्रती. ३) आपले उत्तर, मूळ प्रत (मला ते घरात नको आहे).

प्रत माहितीसाठी : आई आणि बाबा.

आई, बाबा, आधी सगळं वाचा. पाचवा मुद्दा दोनदा वाचा, मग काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. शुक्रवारी वर्गाची सहल नेढ्याला जाते आहे. तुम्ही परवानगीच्या कागदावर सही केली नाहीत आणि मीही दुसऱ्यांदा मागितली नाही. फलकापाशी थांबल्यावर तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं काम बाईंनी मला दिलंय. त्यांना काही माहीत नाही, त्या या शाळेत नवीन आहेत. मी नाही म्हणाले नाही. मी शुक्रवारी जाणार आहे, आणि फलकावर लिहिलंय ते वाचणार नाही, काय झालं ते सांगणार आहे.