हवेची पेटी

पस्तकुर्गान, ९ जानेवारी

चि. मुहय्योस थोरल्या बहिणीचे, तुझ्या ओपाचे, अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू उलटं ऐकतेस, म्हणून लिहिते. उत्तर दूधगाडीवाल्या एर्गशच्याच हाती पाठव.

आमचा नातू इल्होम छातीने नाजूक, म्हणून त्याचा पाळणा लांबलाय हे तुला ठाऊक आहे. आता लेकाने, बोतिरने, माझ्या ओसरीत एक पांढरी पेटी टांगलीय. ती म्हणे हवा हुंगते आणि तिकडे ताश्कंदला त्याच्या फोनवर चहाडी करते. हवा चांगली तर हिरवा रंग, वाईट तर लाल. सूनबाई निगोराने साफ सांगितलंय, वसंतातल्या नवरोजपर्यंत पेटी हिरवी झाली तर पाळणा तुमच्याकडे, नाहीतर इथेच पाचव्या मजल्यावर. बापाच्या मूळ घरी व्हायचा पाळणा फ्लॅटमध्ये! शेजारणींना काय तोंड दाखवू? आणि खरं सांगू, पोराला मी अजून मांडीवरसुद्धा घेतलेलं नाही गं.

म्हणून पेटीची बडदास्त ठेवतेय. येणारीजाणारी प्रत्येक जण तिच्याकडे टक लावून बघते, दृष्ट लागायला कितीसा वेळ! रोज सकाळ-संध्याकाळ निखाऱ्यावर इसिरिकचा पाला टाकून तिला धुरी देते, अगदी नाकाखाली. तरी मेली लालच!

तुझ्या शेळ्यांना सलाम. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझी ओपा

युकोरिसोय, १३ जानेवारी

तीर्थरूप ओपास धाकट्या मुहय्योचा सलाम, वि. वि.

पत्र वाचून अशी मुरकुंडी वळली की नवरा पाणी घेऊन धावला. अगं, धूर हुंगायला टांगलेल्या पेटीला तू धुरी देतेस? मग ती लाल नाही होणार तर काय होणार?

पण सगळा दोष इसिरिकचा नाही. सकाळी इथून खाली बघितलं की तुझं गाव दिसतच नाही. चारी बाजूंना डोंगर, मध्ये तुम्ही वाडग्याच्या तळाशी. थंड हवा तिथे बसली की दुपारपर्यंत उठत नाही, आणि तुमच्या कोळशाच्या चुलींचा धूर तिच्यातच कोंडतो. आमच्याकडे तेव्हा लख्ख ऊन असतं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा बहीण शेळ्यांत गेली म्हणून तू नाक मुरडलं होतंस, आठवतंय? पाळणा इथेच कर. घर माझं, मान तुझा.

राग आला तरी लोभ कमी करू नये.

मुहय्यो

पस्तकुर्गान, २ मार्च

चि. मुहय्योस आशीर्वाद, तू दात काढलेस तरीही. वि. वि.

धुरी बंद केली. पेटी जरा नरमली, लालाची नारिंगी झाली. मग घरोघरी जाऊन बजावलं, चुलीत रबर जाळाल तर माझ्याशी गाठ आहे. नानवाला म्हणतो, ओपा, चुलींना काय दटावता, वाऱ्यालाच बोलवा की! आणि सुटला गं बाई वारा. धूर गेला, पण उघड्या माळावरची सगळी धूळ गावात आली. यंदा पाऊस नाही की बर्फ नाही, माती धरून ठेवायला गवताची काडी नाही. चहात धूळ, पिठात धूळ, पेटी पुन्हा लाल.

तुझ्याकडे पाळणा? मेले तरी नाही. जन्मभर ऐकवशील. त्यापेक्षा ऐक. एर्गशच्या गाडीत नान-रोट्यांच्या टोपलीखाली पेटी पाठवतेय. तुझ्या भिंतीवर टांग आणि वायर जोड. सिमकार्ड आतच आहे, ती कुठूनही चहाडी करते. कोणाला बोललीस तर बहीण म्हणणार नाही.

तोंड बंद, लोभ चालू असू दे.

तुझी ओपा

युकोरिसोय, ६ मार्च

तीर्थरूप ओपास सलाम, वि. वि.

पेटी टांगली. हिरवीगार! बोतिरने मलाही फोन केला, आईच्या गावची हवा सुधारली म्हणून बिचारा उड्या मारत होता. मी हूं हूं करून वेळ मारून नेली. खोटं बोलले नाही, पण खरंही नाही.

परवा मात्र वरून पाहिलं, तुझं गाव धुळीत बुडालं होतं. पेटी माझ्याकडे आणि पोर तुझ्याकडे उतरणार. तुला सुचलं असेलच. धाकटीने काय सांगावं?

चूकभूल पोटात घालून लोभ ठेवावा.

मुहय्यो

पस्तकुर्गान, १४ मार्च

चि. मुहय्योस आशीर्वाद, वि. वि.

तुझी शेवटची ओळ रोज काढून वाचत होते. काल निगोराचा फोन आला. इल्होमचा खोकला थांबलाय, तिकिटं काढलीत, सामान बांधलंय. मागून पोर खिदळत होतं. मला रडूच कोसळलं गं. त्या एवढ्याशा छातीत मी इथली धूळ भरणार होते! सगळं सांगून टाकलं.

बोतिर नुसता ‘कुठली पेटी, कुठे गेली?’ विचारत सुटला. निगोरा मात्र खो खो हसली. म्हणाली, आई, फोनवर नकाशाही असतो. पेटी हिरवी झाली त्याच दिवशी तिचा ठिपका डोंगरावर गेलेला मी पाहिला. सामान मुहय्योमावशींच्याच घरासाठी बांधलंय, लोकरीच्या मोज्यांसकट. तुम्ही कधी सांगताय, तेवढीच वाट बघत होते. घ्या! लेक भोळा सांब आणि सून माझ्या वरताण. तिचं सगळं चांगलं होवो.

तर पाळणा तुझ्या घरी. खोली झाडून घे, विहीणबाईंना जाड गादी घाल, तंदुरात ओली लाकडं घालून धूर करू नकोस. पोराला आधी मी घेणार, मग तू. आणि वरची हवा आमच्यापेक्षा चांगली आहे, हे पाहुण्यांसमोर मी माझ्या तोंडाने सांगेन. एकदाच. तेवढा वेळ तू तोंडात नान कोंबून गप्प बसायचं.

येतेच आहे, तोवर लोभ जपून ठेव.

तुझी ओपा