गल्लीतून न विचारता जाण्याबाबत

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. तसे नाही असे फक्त शेजारचे दातांचे डॉक्टर म्हणतात, आणि त्यांचे मत मी दातांपुरतेच धरते.

१. दुकान, शिलाई मशीन आणि मोठी कात्री भाचीला. त्या कात्रीने कागद कापल्यास तिचा हक्क रद्द.

२. राहते घर आणि बँकेतली शिल्लक आमच्या ह्यांना. घराला लागून जाणारी गल्ली मी कोणालाच देत नाही, कारण ती माझी नाही. डॉक्टरांचीही नाही. ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची आहे, आणि कोर्टात वाद नेमका हाच चालू आहे. डॉक्टर जिंकले तर त्यांनी गल्लीच्या तोंडाशी बसवलेल्या फाटकाला कुलूप लागेल, आणि गुडघे धरून चालणाऱ्या आमच्या ह्यांना बाजारात जायला ट्रकच्या रस्त्याने वळसा पडेल.

३. कपाटातला गल्लीचा फोटो आमच्या वकीलबाईंना द्यावा. त्यात डॉक्टरांचे वडील भिंतीला चिकटून हातगाडीला वाट देत आहेत. जागेचा मालक असा चिकटत नाही.

४. वकीलबाईंनी बजावले होते, की लोक वर्षानुवर्षे उघडपणे आणि परवानगी न घेता जात असतील तरच वहिवाट सिद्ध होते. परवानगी मागितली की हक्क संपला, उरली मेहेरबानी. डॉक्टरांना हे पक्के ठाऊक. म्हणून ते फाटकात उभे राहून दिसेल त्याला म्हणतात, "या, या, खुशाल जा!" त्यावर कोणी आभार मानायचे नाहीत, अशी मी सगळ्यांना ताकीद दिली. सगळ्यांनी पाळली. आमच्या ह्यांनी मात्र साक्षीला उभे राहून सांगितले, "मी तर रोज 'जाऊ का?' असं विचारूनच जातो."

डॉक्टरांच्या वकिलांनी बत्तिशी दाखवली. मी कपाळावर हात मारला. मग माझी साक्ष झाली. मी शपथेवर सांगितले, "हा माणूस स्वतःच्या घरात 'येऊ का?' म्हणून शिरतो. स्वतःच्या खुर्चीत 'बसू का?' म्हणून बसतो. लग्न लागल्यावर मला म्हणाला, 'आता मी इथं थांबू का?'" न्यायाधीशबाई हसल्या, पण निकाल अजून यायचा आहे. त्याआधी मी गेले तर हे कलमही माझी साक्ष समजावे.

५. माझी कवळी डॉक्टरांना परत. त्यांनीच बसवली, आणि त्यांच्याशी भांडताना ती एकदाही निसटली नाही. कामाला माणूस चोख आहे.

६. मला शेवटचे गल्लीतूनच न्यावे. डॉक्टरांनी जरूर यावे, रडू आले तर रडावे, पण फाटकाला हात लावू नये. फाटक भाचीने उघडावे. आमच्या ह्यांनी पुढे चालावे, आणि त्या दिवसापुरते तरी कोणाला काही विचारू नये.

७. ह्यांच्याशिवाय मला करमणार नाही. हे इथे लिहिते, कारण तोंडावर सांगितले तर "खरंच का?" असे विचारत बसतील. त्यांची वेळ येईल तेव्हा त्यांनी 'येऊ का?' न म्हणता सरळ माझ्याकडे यावे. घाई मात्र करू नये.

सही: शिंपीण

साक्षीदार:
१. इस्त्रीवाले
२. समोरच्या नर्सबाई
(दोघेही गल्लीतून आले. कोणालाही विचारले नाही.)

ठिकाण: गल्लीकडची खोली, खिडकी उघडी
दिनांक: १२ फेब्रुवारी