आबांची पायरी आणि पेठेतला सायकल स्टँड

गुरुवार, २८ सप्टें. १९७८
ठराव मंजूर. सोमवारपासून पेठेत दुकानांपुढे सायकल, स्कूटर काही लावायचं नाही. पेठेच्या तोंडाशी मोकळी जागा आहे तिथे न.पा.चा स्टँड. सायकलीला दहा पैसे, स्कूटरला पंचवीस. सध्या प्रयोग, दिवाळीनंतरच्या सभेत माझा अहवाल बघून कायमचा निर्णय. मसुदा माझा. सभेने त्यातला एक शब्द बदलला नाही. येताना सायकल जरा जोरात मारली. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे शोभतं का?

आबांना अजून सांगितलेलं नाही. आज गुरुवार. कॉलेजात असताना गुरुवारचं जेवण आबांकडे असायचं. चार वर्षं, एकही वार चुकला नाही. न.पा.त चिकटलो तेव्हा त्यांनी स्वतःची जुनी सायकल दिली. हीच. बावीस वर्षं ऑफिस सुटलं की ती त्यांच्या कापडदुकानाच्या पायरीला टेकते आणि मी आत दहा मिनिटं बसतो. सोमवारपासून...

शनिवार, ३०
सांगायला गेलो तर त्यांना कळलेलंच होतं. कापडाचा तागा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "वसंता, हे तू लिवलंस म्हणं."
"हो, आबा."
"अक्षर तुझं पयल्यापासनं चांगलंच हाय."
मग शांतपणे समजावून सांगितलं. ज्याच्या पायरीला सायकल, त्याचं गिऱ्हाईक. एकदा सायकल टेकवली की माणूस शेजारच्या दुकानात जात नाही. गेलाच तर तोंड चुकवून. "बापाची लागायची तिथंच पोराची लागती. पायरी मोकळी केलीस, तर माझं मानूस मी वळखायचं कसं?"
माझ्याकडे उत्तर होतं. आग लागली तर बंब आत येणार नाही, बायकापोरांना चालायला वाट नाही. मसुद्यात सगळं लिहिलंय. तिथे मात्र मी ताग्याचं दुसरं टोक धरून गुंडाळू लागलो.

सोमवार, २ ऑक्टो.
सुट्टी, तरी सकाळीच हजर. जमिनीवर चुन्याच्या रेघा. स्टँड सांभाळायला जाधव हवालदार, फौजेतून निवृत्त, साताऱ्याकडचे. एक बिल्ला हँडलला, त्याच नंबरचा दुसरा मालकाच्या हातात. पहिला बिल्ला आपणच घ्यायचा असं ठरवलं होतं. ऐन वेळी तो देखावा वाटला, म्हणून दोघांना पुढे जाऊ दिलं. माझा नंबर तीन. तोही देखावाच झाला की काय.
हवालदारांनी माझं पुढचं चाक पायाने सरळ केलं. "रांग म्हंजी रांग, सायेब. निम्मं चाक भाईर चालायचं न्हाई." दुपारपर्यंत सगळ्या सायकलींची तोंडं एका दिशेला. बघत उभा राहिलो.
संध्याकाळी आबांकडे चालत. मी आत शिरताना ते माझ्यामागे पायरीकडे बघत होते. चहा सांगितला.

गुरुवार, ५
चहाच्या दुकानात दोन व्यापारी, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात.
"आता पेठेत श्वास घ्यायलाबी पावती लागंल."
"पावती न्हाई रं. बिल्ला. नाकात अडकवायचा."
हसू आलं. दाबलं नाही.
दुपारी नगराध्यक्षांची स्कूटर थेट आत निघाली. हवालदार आडवे.
"सायेब, बिल्ला."
"मला ओळखत नाहीस?"
"वळखतो की. म्हनून तर पयल्या रांगेत जागा ठिवलीया."
अध्यक्षांनी पंचवीस पैसे दिले. तासाभरात पेठभर बातमी. ऑफिसात मी ही हकिकत तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा थोडी वाढवून. ते बरं नव्हे.

रविवार, ८
सौ.बरोबर पेठेत. लाकडी खांब, त्यांवरची नक्षी, प्रत्येक दुकानाची वेगळी दगडी पायरी. इतकी वर्षं हे सगळं हँडलांच्या मागे होतं. एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध सावकाश चालली होती, कोणी घंटी वाजवली नाही. हे मी केलं. एकदाच लिहून ठेवतो.
सौ. चार दुकानांत शिरली. आबांच्या समोर नवं दुकान झालंय तिथे खण घेतला. लग्नाला अठरा वर्षं झाली, आबांशिवाय दुसरीकडचं कापड घरात आलेलं नाही. म्हटलं, "आबांकडे बघायचं होतंस."
"तिथं बघत नाहीत, घेतात. आज जन्मात पहिल्यांदा नुसतं बघितलं." आणि जरा पुढे गेल्यावर, "त्यांच्या दुकानावरून तुम्ही मान खाली घालून का चाललात?"

बुधवार, ११. दसरा
सोनं द्यायला दरवर्षीप्रमाणे आधी आबांकडे. दसऱ्याला त्यांच्याकडे उभं राहायला जागा नसते. आज गादीवर आम्ही दोघे आणि एक जोडपं. गर्दी समोरच्या नव्या दुकानात. आबांनी आपट्याची पानं कपाळाला लावली.
"स्टँड नको म्हनून व्यापारी अर्ज करत्यात. पयली सही माझी पायजे म्हनं. वयानं थोरला मी."
"करणार?"
"तू अहवालात काय लिवणार?"
"दिसलं ते."
"मग मीबी बघून करीन."
रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

गुरुवार, १९
आबांची सही झाली तर सगळी पेठ त्यांच्यामागे जाणार आणि सभा स्टँड उठवणार. ऑफिसात शिपायालाही हे माहीत आहे.
रोज दोनदा पेठेत फिरून नोंदी करतो. आज कुपवाडच्या कारखान्यांतले कामगार खरेदीला आले. हवालदारांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली, पण वाकडी झाली नाही. छोट्या दुकानांना बरे दिवस. बांगड्यावाल्या बाई म्हणाल्या, "आवं, माझ्या दारात आजवर दुसऱ्यांच्याच सायकली. आता माजं दार मला दिसतंया." जुन्या दुकानांची गिऱ्हाइकं घटली. आबांची सगळ्यांत जास्त.
एक चूक माझी. खेड्यावरचे म्हातारे कॅरिअरला ओझं बांधून येतात. आता स्टँडपासून दुकानापर्यंत ते खांद्यावर. आज एकाचं गाठोडं मी अर्ध्या वाटेपर्यंत नेलं. त्याने विचारलं, "कुनी काडलं हे स्टँडचं?" मी सांगितलं, मी. म्हातारा म्हणाला, "मग घ्या अजून थोडं फुडं."
ओझं असेल त्याने ते दुकानात उतरवून मग सायकल स्टँडवर आणावी, अशी सवलत सुचवायची. मसुदा खुर्चीत बसून लिहिला, त्याची ही शिक्षा.

गुरुवार, २६
अहवाल पूर्ण. स्टँड कायम करावा ही शिफारस. जुन्या दुकानांचं नुकसान झालं तेही, स्पष्ट. शेवटी एक ओळ: अहवाल लिहिणाऱ्याचे पेठेतील एका जुन्या दुकानदाराशी घरोब्याचे संबंध आहेत. साहेब म्हणाले, "हे कोणी विचारलंय तुम्हाला?" कोणी नाही. ओळ ठेवली.
सौ. म्हणाली, "त्यांचं मीठ खाल्लंय तुम्ही."
म्हटलं, "म्हणूनच."
म्हणूनच म्हणजे काय, ते मलाच नीट सांगता येत नाही. पण अहवाल चांगला झालाय. पुन्हा वाचला. कुठे पेन लावावंसं वाटलं नाही.

सोमवार, ३०
अर्ज आला, माझ्याच टेबलावर. खालपर्यंत सह्या. वरची पहिली ओळ तेवढी मोकळी, आबांसाठी सोडलेली. सभा दिवाळी उरकली की, शनिवारी अकराला. तोवर ज्याला सही करायची त्याने ऑफिसात येऊन करावी, असं साहेबांनी सांगितलं. अर्ज माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. दिवसभरात दोनदा कपाट उघडून ती ओळ बघितली. कशासाठी?
अहवालाची प्रत आबांकडे पोचती केली. सर्वच व्यापाऱ्यांना दिली, त्यांना एकट्याला नाही.

शुक्रवार, ३ नोव्हें.
चारच्या सुमारास हवालदारांचा निरोप. आबा स्टँडवर सायकल लावून पेठेत गेलेत. आबा घरून येतात ती सायकल नेहमी दुकानाच्या आत घेतात. सायकल दामटत गेलो, ती स्टँडवर लावली.
आबा रस्त्याच्या मधून चालले होते, हातात बिल्ला. पन्नास वर्षांच्या धंद्यात ते दुसऱ्याच्या पायरीवर गिऱ्हाईक म्हणून चढलेले कोणी पाहिलं नसेल. समोरच्या नव्या दुकानात शिरले. तिथला मालक गल्ल्यावरून उठून उभाच राहिला. आबांनी खण बघितले, बोटांत धरून पोत बघितला, भाव विचारला. "माल बरा हाय," म्हणाले आणि काही न घेता उतरले. मग तिथेच उभे राहून पलीकडच्या स्वतःच्या दुकानाकडे बघत राहिले. मी शेजारी गेलो.
"पाटी वाकडी हाय," म्हणाले.
बघितलं. खरंच वाकडी. डावीकडे चार बोटं खाली.
"बावीस वर्षं येतोयस. सांगितलं न्हाईस."
"मलाही दिसली नव्हती, आबा."
"कशी दिसंल. मी आत बसलेला, तू आत बसलेला." मग माझ्याकडे वळून, "तुझं वाचलं. घरोब्याची ओळ कशाला घातलीस?"
"खरी आहे म्हणून."
"हं." बिल्ला कोपरीच्या खिशात टाकला. "उद्या सकाळी शिडी घिऊन ये. पाटी सरळ करू. मग तुझ्या हापिसात जाऊ. तो अर्ज काढून ठेव."
सही करणार की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. विचारलं नाही, आणि या वेळी त्याचं वाईट वाटलं नाही.
स्टँड बंद करताना हवालदार म्हणाले, "म्हातारबा चालतच घरी गेलं की. सायकल हितंच. ह्येचं काय करायचं?" मालकाने नेली नाही तर सायकलीचं काय, याचं कलम मसुद्यात नाही. महिनाभर माझ्या लक्षात आलं नव्हतं, सभेच्याही नाही. तसं सांगितलं.
"ऱ्हाऊ द्या. मी बसतो."
माझी सायकल काढली होती ती परत आबांच्या सायकलीशेजारी लावली. हवालदारांनी दोन्हींची चाकं एका रेघेत केली. चालत घरी आलो.
शिडी आपल्याकडे नाही. सकाळी शेजारी मागायला हवी.