मुलीमागे कोण उभं राहणार?

येना, जर्मनी, १२ मे २००४

चि. आत्माराम यास अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही खुशाल. तुझ्या गुडघेदुखीचं सुलेखाआत्याकडून कळलं. डर्बनला आता थंडी पडेल, जपून राहा. इतक्या वर्षांनी ताईचं पत्र पाहून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही.

तुझ्या भाचीचं, कादंबरीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, वेद. इथेच युनिव्हर्सिटीत भिंगांवर संशोधन करतो. स्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे इथल्या विवाह नोंदणी कचेरीत, सह्या जूनमध्ये, आणि ऑगस्टमध्ये हॉल घेऊन आपल्या पद्धतीचं लग्न. विमानप्रवास लांबचा, व्हिसा वेळेत मिळेलच असं नाही. नाही जमलं तर मी समजून घेईन.

खरं सांगते, तुला कळवायचंच नव्हतं. पण विहीणबाईंचा पुण्याहून फोन आला, "अहो, मंगलाष्टकांना मुलीमागे मामा कोण उभे राहणार?" कादंबरी शेजारीच होती. पोरीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. म्हणाली, "आल्झो, मला मामा आहे ना? मग तोच."

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. कारण लग्नाला माझी चळवळीतली मैत्रीण शुभा येणार आहे. चौऱ्याऐंशी साली वर्णभेदी सरकारनं काळ्यांना वगळून भारतीयांपुढे वेगळ्या सभागृहाचा तुकडा टाकला आणि तू त्या निवडणुकीला उभा राहिलास. मतदान केंद्राबाहेर निदर्शनं करताना पोलिसांच्या लाठीनं जिचा डोळा गेला, तीच ही शुभा. मी तेव्हा परागंदा होऊन इथे सुखरूप बसले होते. माझ्या वाट्याची लाठी तिनं खाल्ली, असं मला आजही वाटतं.

शेवटी धीर करून तिलाच विचारलं. म्हणाली, "बोलव गं त्याला. मी पहिल्या रांगेत बसते. बघू दे माझ्याकडे."

म्हणजे अडचण शुभाची नव्हतीच, माझी होती. मला भीती वाटते रे. तू आल्या आल्या तुझं ते ठरलेलं वाक्य म्हणशील, "आत शिरून आपल्याच लोकांसाठी भांडत होतो," आणि मी विहीणबाईंदेखत तुला हॉलबाहेर काढीन. त्याहून मोठी भीती ही, की तू येणारच नाहीस आणि पोरीच्या मागे कुणीच नसेल.

म्हणून स्पष्ट लिहिते. मी तुला माफ केलेलं नाही, आणि लग्नाच्या गडबडीत करणारही नाही. आलास की आधी शुभापाशी जा. ती बोलेल ते मान खाली घालून ऐक. मग कादंबरीमागे उभा राहा, शेवटची अक्षता पडेपर्यंत.

ये, आत्माराम.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझी ताई,
वसुधा