फॉर्मातला नववा प्रश्न

अण्णा, तुम्ही गेल्यापासून पलंगाखाली पडून असलेली तुमची पेटी मी गेल्या महिन्यात उघडली. नव्या विमानतळावर सफाईची सुपरवायझर म्हणून काम लागतंय मला, पण आत जायला सरकारी पास लागतो आणि त्याच्या फॉर्मात आधीची सगळी कामं लिहावी लागतात. नववा प्रश्न असा, की गैरवर्तनामुळे तुम्हाला कधी कामावरून काढलं होतं का? कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "ताई, 'नाही' लिहून मोकळ्या व्हा. ती कंपनी कधीच बंद पडली, कोण बघायला जातंय?" खोटं सापडलं तर अब्रू जाणार आणि खरं लिहिलं तर पास जाणार. दोन दिवस फॉर्म तसाच कोरा ठेवला. जुना काही कागद मिळतो का बघावं, म्हणून पेटी ओढली.

काढलं तर होतंच ना मला. पावणे एमआयडीसीतल्या त्या कंपनीत तुम्ही गेटवर टाइमकीपर, मी पॅकिंगला. माझ्या टेबलावरच्या मैत्रिणीची मुलगी तापाने फणफणली होती, म्हणून सकाळी तिचं हजेरीचं कार्ड मीच मशीनमध्ये मारलं. सगळ्याच बायका मारायच्या एकमेकींचं. पण तुम्ही पाहिलंत, आणि पोटच्या पोरीचं नाव साहेबांना जाऊन सांगितलंत. "दुसऱ्याच्या नावाने हजेरी लावणं म्हणजे चोरीच," असं सगळ्यांसमोर म्हणालात. संध्याकाळी मी गेटमधून निघते तर तुम्ही म्हणता, "उद्यापासून येऊ नको." आणि वर तुमचा डबा पुढे करता, माझ्यासाठी अर्धी भाकरी ठेवली होती त्यात. भूक नाही असं सांगून मी निघून आले. आई म्हणाली, हा बाप आहे की वैरी? मी तेच धरून बसले. पुढे तुम्हाला मागच्या गेटवर वॉचमन केलं, तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं, चुगलीचं फळ मिळालं. लग्न होऊन नावड्याला गेले तरी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. दवाखान्यात तुम्ही माझा हात धरलात, तेव्हाही मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले.

पेटीत तुमच्या वॉचमनच्या शिट्टीखाली दोन कागद होते, टाचणी लावलेले. एक माझा राजीनामा, मी कधीच न लिहिलेला. घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडते आहे, खाली 'मंजूर' आणि कंपनीचा शिक्का. अक्षर तुमचं, आणि माझ्या नावाची सहीसुद्धा तुमचीच. दुसरा तुमचा अर्ज, की गेटवरची चूक टाइमकीपरची धरावी, मुलीच्या नावावर डाग लावू नये. म्हणजे तुम्हाला मागच्या गेटवर टाकलं, ते त्यापायी. आयुष्यभर सरळ चाललेला माणूस, पोरीच्या नावाने खोटी सही करून आला आणि मरेपर्यंत त्याबद्दल बोलला नाही. सांगायचं होतंत हो अण्णा. भांडले असते मी, पण बोलले तरी असते.

मी 'नाही' लिहिलं आणि राजीनाम्याची झेरॉक्स जोडली. ते खोटं आहे, मला माहीत आहे. पण 'होय' लिहिलं असतं तर तुमची सही खोटी पडली असती. काल पास आला. गळ्यात घालून आरशासमोर उभी राहिले आणि रडूच आलं, कारण दाखवायचा तो तुम्हालाच होता.

हे पत्र आता त्याच पेटीत, शिट्टीखाली ठेवते. अण्णा, त्या संध्याकाळी मला खूप भूक लागली होती.