बोलणाऱ्यांची नावं

२ सप्टेंबर
मूल परक्या देशातल्या शाळेत रुळतं कसं? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. पण घरात ग्रॅज्युएट मी एकटी. ताई आणि भाऊजी दोघंही बेकरीत शिफ्टला. तेव्हा भाची माझ्याकडे. चिऊ सात वर्षांची आहे आणि झोपेतही बोलते. ध्येय: थंडी पडायच्या आत चिऊ वर्गात पहिली.

६ सप्टेंबर
चिऊला मैत्रीण मिळाली. कुरळे केस, पुढचे दोन दात गायब. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी दिवसभर खिदळतात. ताई म्हणाली, रुळली गं बाई, सुटले मी. मी म्हटलं, ताई, याला रुळणं नाही, उंडारणं म्हणतात. भाऊजी म्हणाले, मॅडम, राहू द्या ना. भाऊजी दहावी. मनावर घेतलं नाही.

९ सप्टेंबर, सकाळी
उपाय सापडला. इथल्या वर्गात मॉनिटरच नाही! बाई बाहेर गेल्या की नुसता बाजार. मी शाळा संपेपर्यंत मॉनिटर होते. फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायचे. पुन्हा बोललं की नावापुढे फुली. सगळा वर्ग मला घाबरायचा, म्हणजे मान द्यायचा. डबा एकटीच खायचे, पण शांतपणे.
चिऊला सगळं शिकवलं. नावं कोट अडकवायच्या खुंट्यांवर लिहिलेली असतात, ती बघून उतरवायची. तिने विचारलं, कुरळीचंपण लिहायचं? म्हटलं, आधी तिचंच. नाहीतर पक्षपात होतो.

१० सप्टेंबर
कुरळीच्या नावापुढे चार फुल्या. रडली म्हणे. सुरुवात उत्तम.

१६ सप्टेंबर
बाईंनी मला शाळेत बोलावलं. चिऊशी आता कुणी खेळत नाही, मधल्या सुट्टीत ती जिन्यात बसून असते, तोंडातून शब्द काढत नाही. घरी काही झालंय का, असं हळू आवाजात विचारत होत्या. मी म्हटलं, छे छे, घरीही अगदी तशीच शांत असते. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. कौतुक वाटलं असावं.
ताईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. शिफ्टमुळे थकलीय.

१९ सप्टेंबर
चिऊला कुरळीची माफी मागायचीय. समजावलं की मॉनिटरने माफी मागितली तर वर्ग डोक्यावर बसतो. तिला पटलं. निदान काही बोलली नाही.

२४ सप्टेंबर, संध्याकाळी
फ्रिजवरच्या छोट्या पांढऱ्या बोर्डवर चिऊचं अक्षर. वर ठळक 'बोलणारे'. खाली एकच नाव: मावशी. पुढे फुल्याच फुल्या. बोर्ड पुरला नाही म्हणून फ्रिजच्या दारावरही. ताई इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. भाऊजी म्हणाले, मॅडम, उद्यापासून चिऊला शाळेत मी सोडणार, आणि शाळा सुटली की कुरळीच्या घरी. चिऊ लगेच म्हणाली, बाबा, लवकर निघू या हं. कित्येक दिवसांनी बोलली. शिस्तीचं फळ.
मला वाईट वाटलं नाही. अक्षर मोत्यासारखं, फुल्या एका ओळीत. इथलं माझं काम झालं.
वरच्या मजल्यावर आपल्याकडचंच एक कुटुंब नुकतंच आलंय. जुळ्या मुली, सोमवारी शाळा सुरू. आत्ताच जाऊन त्यांच्या आईला सांगून आले, काळजी सोडा, दोघी माझ्याकडे. मुली एकमेकींचा हात सोडत नव्हत्या, सारखी कुजबुज.
धाकटीला मॉनिटर करून आले.